पांढऱ्या पट्टीची बाजू

शिवदासने टीव्हीचं पाठचं झाकण उघडलं आणि शुभाच्या कपाळाला आठ्या पडल्या. झालं! बसला हा माणूस फतकल मारून. आता घाटकोपरच्या ह्या टीचभर खोलीत पाय ठेवायला जागा उरायची नाही.

लोक बिघडलेली वस्तू टाकतात, नवी आणतात. हा नाही. हा लोकांनी टाकलेले टीव्ही उचलून आणणार, त्यांतले चांगले कपॅसिटर, ती बारकी नळकांडी, काढून डब्यात भरणार आणि घरातला टीव्ही त्यांच्यावर जगवणार. चिकट मेला! उद्या वाकोल्याहून क्षमा येणार, आपल्या भिंतीएवढ्या टीव्हीच्या बढाया मारणार आणि ह्या डबड्याकडे बघून नाक मुरडणार. सख्खी बहीण झाली म्हणून ऐकून तरी किती घ्यायचं?

म्हणूनच काल दुपारी, नवरा कामावर असताना, शुभाने टीव्ही उघडून आतला एक कपॅसिटर काढून टाकला होता. इतकी वर्षं त्याचं बघून बघून तिचाही हात बसला होता. टीव्ही मेला म्हणजे झक मारत आज नवा येईल, हा तिचा बेत.

शिवदासने बराच वेळ आत बघितलं. मग एकदा तिच्याकडे बघितलं. डब्यातून एक कपॅसिटर उचलला, बोर्डावर बसवला आणि सोल्डरगन तापत ठेवली.

शुभाने मान लांब केली. कपॅसिटरची पांढरी पट्टी भलत्याच बाजूला होती. उलटा बसवला की! बटण दाबलं की फटकन फुटणार आणि टीव्हीची कायमची वाट लागणार. तिने फक्त गप्प बसायचं होतं. देवाने आयतंच ताटात वाढलं होतं.

पण एवढा गाढवपणा? जन्मभर बोटं भाजून घेतली आणि अजून एवढंसुद्धा कळू नये? शी! तिला राहवेना.

"अहो, डोळे फुटले का तुमचे? उलटा बसवलात तो! पट्टी त्या अंगाला हवी!"

शिवदास गालात हसला. जागेवरून उठला आणि सोल्डरगन तिच्यापुढे धरली.

"आजवर एक तरी उलटा बसवलाय मी? बस इथे. काढलास तूच, आता लाव पण तूच."