आईची निर्जळी

सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या शकूचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन होतं. "जेवण बंद, पण सकाळपर्यंत पाणी पाजत राहा. अंग कोरडं पडलं, तर भूल तिच्या जिवावर बेतेल," असं भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी धायरीच्या सोजरबाईंना बजावलं होतं. त्यांनी लेकीच्या उशाशी तांब्या ठेवला, रिकामा होईल तसा भरला, आणि स्वतः मात्र काळूबाईच्या नावानं निर्जळी धरली.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी शकूची जीभ पाहिली. "अहो, ही तर पार सुकलीय! पाणी दिलंत ना?"

"तांब्यावर तांबे प्यालीय की वो ती!" सोजरबाईंनी रिकामा तांब्या उलटा करून दाखवला.

शकूनं आईचे फुटलेले ओठ पाहिले.

"आये, समदं बेसिनात ओतलं. तू माझ्यापायी तहानलेली, मग माझ्या घशाखाली कसं उतरंल?"