नऊ शतांश

इंजिनाच्या ब्लॉकवर खडूने ‘४’ लिहिलं होतं, आणि ज्याने लिहिलं होतं त्याच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना आज सकाळीच उरकली होती.

आगिस चर्चमधून काळ्या कोटातच थेट पांडेलिसकाकांच्या वर्कशॉपमध्ये आला होता. चाळीस दिवसांची दाढी, डोळे कोरडे. एवढे दिवस सगळं लारिसा गाव त्याच्या डोळ्यांकडे नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसासारखं बघत होतं. थेंबसुद्धा नव्हता. दफनाच्या वेळी त्याने एकच गोष्ट नीट पाहिली होती: शवपेटी आणि खड्डा यांच्या मध्ये दोन्हीकडून चार-चार बोटं जागा सोडली होती. जरा जास्तच, असं त्याला वाटलं होतं. पेटी काही तापणार नव्हती.

“बोल,” काका म्हणाले. बापाच्या गाडीचा ब्लॉक सिलिंडर आतून तासायच्या मशीनवर बांधून तयार होता. “आकडा सांग, मी बटण दाबतो.”

“नऊ.”

काकांनी कानातलं यंत्र काढलं, त्यावर फुंकर मारली, परत बसवलं. “किती?”

“नऊ शतांश. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत, मध्ये नऊ.”

“तुझ्या बापाने चार लिहिलंय. मिलिमीटरचे शंभर तुकडे, त्यातले चार. तीस वर्षं आम्ही चारच ठेवले.”

“तीस वर्षं टर्बो नव्हता, काका. पिस्टन ओतीव होते. हे घडीव आहेत, तापले की जास्त फुगतात. त्यात टर्बो हवा कोंबणार. चार ठेवले तर शर्यतीच्या पहिल्याच चढावर पिस्टन भिंत धरेल, जाम होईल.”

“आणि नऊ ठेवलेस तर थंड असताना खडखडेल. तुझा बाप स्टामाटिस असल्या इंजिनाला काय म्हणायचा?”

“मागे रिकामे डबे बांधलेली लग्नाची गाडी.”

“हां. आता ऐक. नऊ म्हणजे या ब्लॉकचा शेवटचा कट. यापुढे भिंतच उरत नाही. चारवरून नऊवर केव्हाही जाता येतं, पोरा. नऊवरून चारवर नाही.”

“चारवर धरलं तर भिंत सोलून निघेल. मग कुठेच जाता येणार नाही.”

दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे दोघांनी कॉफी घेतली.

तेवढ्यात फादर गेरासिमोस आत आले. त्यांच्या हातात कागदी पिशवी होती. मेलेल्याच्या नावाने वाटतात ते उकडलेले गहू, साखर आणि डाळिंबाचे दाणे घातलेले.

“चर्चमध्येच विसरून आलास,” ते म्हणाले. “बापाचे गहू विसरतं का रे कुणी?” आणि त्यांनी पिशवी ब्लॉकवर ठेवली.

“फादर, साखर!” काका ओरडले आणि पिशवी झडप घालून उचलली. “आलाच आहात तर सांगा. टर्बोला चार की नऊ?”

फादरांकडे एक जुनी टर्बो गाडी होती, हे बिशप सोडून सगळ्यांना माहीत होतं.

“मी सहा ठेवले होते,” फादर म्हणाले. “मोह झाला. आवाज काय गोड यायचा! एका बाप्तिस्म्याला निघालो होतो, घाटात तिसऱ्या पिस्टनने धरलं. दीड तास उशीर. ते पोर अजून मला बघितलं की रडतं.”

“म्हणजे नऊ?”

“मी फक्त कबुली दिली. आकडा तुमचा तुम्ही बघा.”

आगिस उठला. त्याने कोटाच्या बाहीने ब्लॉकवरचा ‘४’ पुसला आणि काही होतंय का याची वाट पाहिली. काही झालं नाही. बाही पांढरी झाली.

“नऊ,” तो म्हणाला. काकांनी बटण दाबलं.

काम झाल्यावर ब्लॉक धुतला, तेलाचा हात फिरवला. डायल गेजवर काटा बरोबर नऊवर थांबला. पण स्टामाटिसचा गेजवर विश्वास नव्हता. रिंगा न चढवलेला पिस्टन तो सिलिंडरच्या तोंडाशी धरायचा, सोडायचा आणि एकदाच सावकाश म्हणायचा, “किरिए एलेइसोन.” प्रभो, दया कर. पिस्टन आणि प्रार्थना एकदमच तळाला पोचली पाहिजेत. एरवी तो चर्चची पायरी चढत नसे. देवाशी त्याचं एवढंच बोलणं.

“बघून टाकू,” काका म्हणाले. “पण म्हणणार कोण?”

दोघांनी आगिसकडे पाहिलं. आगिसने पिस्टनकडे पाहिलं.

“मी म्हणतो,” फादर म्हणाले. “माझं कामच आहे.”

आगिसने एक हात ब्लॉकच्या खाली धरला आणि दुसऱ्या हाताने पिस्टन वरून सोडला.

“किरि–”

पिस्टन थाडकन त्याच्या तळहातावर आला.

तोंड उघडून बसल्यामुळे फादरांनी उरलेली प्रार्थना पूर्ण केली. दया येईपर्यंत बराच वेळ गेला.

“खडखडणार,” काका म्हणाले. ते दुसरीकडेच बघत होते. “लग्नाची गाडी.”

“आत्ता थंड आहे, काका,” आगिस म्हणाला.

“हो. आत्ता थंडच आहे.”

फादरांनी गव्हाची पिशवी उघडून पुढे केली. आगिसने मोकळ्या हाताने मूठभर गहू तोंडात टाकले आणि चावत राहिला. सिलिंडरखालचा दुसरा हात त्याने काढलाच नाही. त्यावर पिस्टन होता, तरी तो हात आणखी काहीतरी पडणार असल्यासारखा उघडाच होता.