जमिनीवरची गादी

आफ्रिकी क्रीडास्पर्धेला लेसोथोची अवघी नऊ माणसं आलेली, त्यामुळे कोण कुणाशी कुजबुजतंय ते लपत नव्हतं. मोसेलेला दोन दिवसांपासून कोच मोखेले यांचा संशय येत होता; त्यांना सगळे 'न्ताते', म्हणजे बाबा, म्हणत. ती दिसली की ते बोलता बोलता गप्प होत. "धावण्यात लक्ष राहू दे," म्हणत त्यांनी तिचा फोनही काढून घेतला होता.

"उद्या मॅरेथॉनला माझ्याऐवजी त्यांची भाची उतरणार, बघशील तू," ती खोलीतल्या रेथाबिलेला म्हणाली. "म्हाताऱ्याच्या मनात पाप आहे. नजरेला नजर देत नाही."

"तुला तर स्वतःच्या सावलीचाही संशय येतो!"

पलंग मधोमध खचलेला होता, म्हणून मोसेलेने गादी ओढून जमिनीवर टाकली आणि भिंतीला टेकून पाय पसरले. रेथाबिले दचकलीच.

"उचल ती आधी! घरात मयत झाली की बाया बसतात अशा. तुझ्या आईने बघितलं तर झोडपेल तुला."

"आई तिकडे डोंगरात. इथे कोण बघतंय?" मोसेले हसली.

तेवढ्यात न्ताते मोखेले दार ढकलून आत आले. जमिनीवरची गादी आणि तिच्यावर बसलेली मोसेले बघून ते जागीच थबकले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच तिच्यासमोर फरशीवर बसले.

 

"शर्यत झाल्यावर सांगणार होतो, पोरी... कुणी कळवलं तुला?"