वाघीण मवाळ होते

घरातली मांजर, वाघीण, कुणाला अंगाला हात लावू देत नसे. अलीकडे मात्र ती आपणहून आजोबांच्या कुशीत शिरे आणि त्यांच्या छातीवर डोकं दाबून बसून राही.

"म्हातारपणी का होईना, घरात कुणीतरी माझं झालं," आजोबा सुनेला ऐकवत.

"भिंतीलाही ती तसंच डोकं लावते, बाबा," सून हसून म्हणे.

मग वाघीण एकाच जागी गोल गोल फिरू लागली. प्राण्यांच्या डॉक्टरांनी स्कॅन केला. "मेंदूवर गाठ आहे, पण वरच्या बाजूला आहे, निघेल. डोकं दाबून बसते ती त्या गाठीमुळेच. ऑपरेशननंतर पहिल्यासारखी होईल."

"पहिल्यासारखी म्हणजे माझ्याकडे येणार नाही?"

"बहुतेक नाही, आजोबा."

आजोबा मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "काढून टाका."

टाके निघाल्यावर वाघीण घरी आली. आजोबांनी मांडी थोपटली. तिने बघितलंही नाही. कपाटावर चढून पाठ फिरवून बसली.

"आल्या बाईसाहेब मूळ पदावर," सून म्हणाली.

"येऊ दे गं. इतके दिवस ती दुखतंय म्हणून सांगत होती आणि मी त्याला माया समजत होतो."