हिरोची नवी शक्ती

माळ्यावरच्या टेबलावर सुरू झालेल्या त्या दोघा भावंडांच्या कॉमिक्सने बघता बघता तीन मजली ऑफिस थाटलं, पण रीत बदलली नाही: सुपरहिरोचं चित्र भाऊ पेन्सिलने काढणार आणि त्यावर शाई ताईच फिरवणार. हल्ली मात्र तिचा हात कापायचा आणि डोंगर उचलणारा हिरो कागदावर हुडहुडी भरल्यासारखा दिसायचा. आज तिने कुंचला धुऊन भावाच्या टेबलावर ठेवला. “यापुढे नवा माणूस बघ. माझ्यापायी सगळ्यावर पाणी नको पडायला.” भावाने मान वर न करता नव्या अंकाचं पहिलं पान पुढे सरकवलं. कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘याच्या अंगात आता वीज खेळते, त्यामुळे उभा असतानाही तो थरथरतो.’ ताई पानाकडे बघत राहिली. “लबाडा,” ती पुटपुटली. “दुसऱ्याला जमेल अशी रेघ?” भावाने विचारलं. शाईच्या बाटलीचं झाकण त्याने आधीच सैल केलं होतं.