परक्या दर्याचा नारळ

"आये, पर्स पोटाशी धर. कुणी बोलावलं तर जायचं नाही, आणि बंदराच्या फाटकाबाहेर तर मुळीच नाही." प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात कामाला असलेला लेक होंडुरासच्या बंदरावर उतरल्यापासून बजावत होता. "हवं तर इथं पाहुण्यांना तारेला लोंबकळून जंगलावरून जाता येतं, ते कर."

"तारेला तू लोंबकळ," हौसाबाई म्हणाली. "मला नारळ घेऊन दे."

आज नारळी पौर्णिमा. गावचा दर्या तिच्या ओळखीचा. पण वर्षाचे आठ महिने लेक ज्याच्या हवाली असतो, तो हा दर्या परका. त्याच्या कानावर चार शब्द घालायला ती लेकाच्याच जहाजातून एवढ्या लांब आली होती.

किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या नारळवाल्यानं कोयता उचलला, तसा तिनं त्याचा हात अडवला. अख्खा नारळ कपाळाला लावला. "माझं लेकरू सांभाळ रे बाबा," म्हणत लाटेवर सोडला.

म्हाताऱ्याला वाटलं, बाईच्या हातून निसटला. तो विजारीसकट कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि नारळ आणून हसत तिच्या हातात ठेवला.

लेकाचा चेहरा उतरला. दर्यानं नारळ नाकारला असं वाटून आये आता रडणार.

हौसाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अरे, आपल्याकडंही नारळ सोडला की मागं कुणीतरी उडी टाकतंच! आपल्याच वळणाचा आहे रे हा दर्या."

तिनं नारळ म्हाताऱ्यापुढं धरला. "फोड आता, भाऊ. प्रसाद तिघांत."

मग पोटाशी धरलेली पर्स वाळूत ठेवून तिनं ओंजळ पुढं केली.