कणीएवढं हाड

डॉक्टर दिशा यांनी सीटी स्कॅनच्या चित्रावर पेनाचं टोक टेकवलं. "हे आतल्या कानाभोवतीचं हाड. ते भुसभुशीत व्हायला लागलंय. आणि इथलं हे तांदळाच्या कणीएवढं हाड हलायला हवं, ते जखडलंय. दोन्ही कानांत तसंच आहे."

प्रवीणने मान डोलावली. खरं तर आईला त्याने महाडला आणलं होतं ते तिचं सोंग उघडं पाडायला. घरात दहा हाका मारल्या तरी तुळजाबाई ढिम्म, आणि भातगिरणीच्या खडखडाटात कोण काय म्हणालं ते तिला बरोबर कळायचं. शिमग्याला मुंबईहून आला तेव्हा गिरणीतच, चारचौघांदेखत तो तिच्यावर ओरडला होता, "सोंग पुरे कर. तुला पायजे तेवढंच ऐकू येतं." नेमकं ते तिला ऐकू आलं. तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

"गोंगाटात यांना जास्त बरं ऐकू येतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रवीण जरा चाचरला. "गिरणीत येतं."

"या आजारात होतं तसं. आवाजात माणसं मोठ्यानं बोलतात, आणि यंत्राची घरघर यांना फारशी जाणवतच नाही. घरच्यांना वाटतं, नाटक करतात."

तुळजाबाई भिंतीवरचा कानाचा तक्ता बघत बसली होती. यातलं अक्षरही तिच्या कानावर पडलं नव्हतं.

संध्याकाळी पडवीत चहा पिताना प्रवीण हळूच म्हणाला, "आई, माजं चुकलं." तिने त्याची रिकामी कपबशी उचलली आणि ती आत गेली. मोठ्याने म्हणावं तर सगळी वाडी ऐकणार. तिच्यावर ओरडताना वाडीची फिकीर नव्हती, आता मात्र साहेबांना लाज वाटत होती.

सकाळी भाताचं पोतं त्याने स्वतःच खांद्यावर घेतलं. गिरणीत वाडीतली पाच-सहा माणसं नंबर लावून बसली होती. यंत्र सुरू झालं. प्रवीण आईसमोर उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "आई, तुजं सोंग नव्हतं गो. माजंच चुकलं."

माणसं वळून बघायला लागली.

तुळजाबाईने पडणारे तांदूळ ओंजळीत घेतले, कणी फार झाली का ते बोटाने चाचपून पाहिलं.

"ओरडतोस कशाला रे," ती म्हणाली. "हितं ऐकू येतं मला."